लविनियाबाईंची हाक

टिब्जनं खटका दाबून गाणं टिपायचं मशीन बंद केलं, तरी मी आपला तोंड उघडं टाकून उभाच.

"काटा लाल खुणेपलीकडे आपटतोय, लविनिया," तो काचेआडून म्हणाला. "जरा हळू बडव. पियानो माझा आहे, तुझ्या चर्चचा नाही."

"होय, साहेब," बाई म्हणाल्या आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन गप्प बसल्या. आत्ता हेच हात पियानोवर तो धुमाकूळ घालत होते हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

हे १९५३ सालच्या मार्च महिन्यातलं. अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या काठी क्लेबर्न नावाचं गाव होतं. तिथं कापसाची प्रत ठरवायला शिकवणारी एक शाळा होती आणि खानदेशातल्या आमच्या जिनिंग कारखान्याच्या मालकांनी मला त्या शाळेत धाडलं होतं. वय चोवीस. नाव त्र्यंबक एरंडोलकर, पण ते तिथं कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून टॉम. वडील, अण्णा, कीर्तनकार. दहाव्या वर्षापासून मी त्यांच्यामागे पेटी धरत आलेलो, त्यामुळे गाणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता. तो समज त्या दिवशी दुपारी सव्वातीन वाजता संपला.

बाईंचा डावा हात आमच्या जिनिंगच्या यंत्रासारखा एका लयीत चालला होता आणि उजव्या हाताला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो हवं तेव्हा यायचा, हवं तेव्हा पळायचा, आणि दर वेळी बरोबर समेवर सापडायचा. गळा देवाचं नाव घेणारा, आणि गाणं होतं नवऱ्याला बाडबिस्तरा बांधून घराबाहेर काढण्याचं. अण्णांनी हे ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवले असते. पायानं मात्र ठेका धरला असता याची मला खात्री आहे. पुढं दोन-तीन वर्षांनी जग ज्याला रॉक अँड रोल म्हणून नाचू लागलं, ते हेच. तेव्हा त्याला नाव नव्हतं. निदान माझ्या कानावर आलं नव्हतं.

आणि गाण्याच्या ऐन मध्यात बाईंनी हात थांबवून एक हाक दिली होती. शब्द नाहीत. खालून निघून वर चढणारा आणि टोकाला जाऊन दोनदा मोडणारा लांब सूर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वेचणीला गेलेल्या आमच्याकडच्या बायका बांधावरून पोरांना अशाच बोलावतात. सात समुद्र ओलांडून आलो आणि खोलीच्या कोपऱ्यात आमच्याच शिवारातला आवाज निघाला, याचा मला धक्काच बसला.

टिब्ज सिगारेट आणायला बाहेर गेला तसं मी विचारलं, "मिस लविनिया, ती मधली हाक कुठली?"

बाईंनी आधी दाराकडं पाहिलं. "माझ्या आईची. कापसाच्या रानातून आम्हा दोघी बहिणींना बोलवायची. प्रत्येक आईची हाक निराळी असते बघ. पोरं आपली हाक बरोबर ओळखतात."

"बहीण कुठं असते?"

"उत्तरेत. इडेला तिचं नाव. नदीला महापूर आला त्या साली गेली. आमचं घर वाहून गेलं, आम्ही छावणीत, तिथून इकडं. तिची पत्रं कुठल्या पत्त्यावर यायची? सोळा वर्षं झाली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रेडिओवर गाणाऱ्याचं नाव सांगतात ना? तेवढ्यासाठी आलेय मी इथं. एकदा माझं नाव सांगू दे. जिथं असेल तिथून शोधत येईल ती."

तेवढ्यात टिब्ज आला आणि बाई पुन्हा होय साहेब, नाही साहेब करू लागल्या. त्या गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं.

"तू तिला मिस म्हणालास?"

"माझ्या आईच्या वयाच्या आहेत."

"असू दे. इथं काळ्या बाईला मिस म्हणत नाहीत. गावात कुणी ऐकलं तर माझं दुकान बसेल. समजलं?"

समजलं. त्या गावात मला रोज काहीतरी नवं समजत होतं. पाणी प्यायचे नळ दोन, बसायच्या जागा दोन, मरायची इस्पितळंसुद्धा दोन. मी नेमका कुठला हे कुणालाच ठरवता येईना. घरमालकीण म्हणाली, डोक्याला ते तुमचं पागोटं गुंडाळत जा, म्हणजे परदेशी दिसशील आणि हॉटेलात बसू देतील. घरी सणालासुद्धा पागोटं न घालणारा मी, तिथं कॉफी प्यायला घालू लागलो. लाज वाटायची, पण कॉफी गरम मिळायची.

शाळा सुटल्यावर मी टिब्जच्या गाणी मुद्रित करायच्या दुकानात काम करायचो. तारा गुंडाळायच्या, रिळांवर नावं लिहायची, झाडू मारायचा. माझ्या परवान्यावर नोकरीची बंदी होती. हे मला ठाऊक होतं आणि टिब्जलाही.

बाईंचं गाणं टिब्जला आवडलं होतं. पण तबकडी काढण्याआधी गाणं कुणाचं ते वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत नोंदवायला हवं, आणि नोंदवायचं तर सूर कागदावर उतरवलेले हवेत, असं तो म्हणाला. बाईंना सूर लिहिता येत नव्हते. टिब्जला तर वाचताही येत नव्हते. मला धुळ्याच्या एका बँडमास्तरनं पाच ओळींवरचं ते विलायती लेखन शिकवलं होतं. आयुष्यात त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

चार रविवार, प्रार्थना संपल्यावर, मी बाईंच्या चर्चमध्ये जाऊन बसलो. त्या वाजवायच्या, मी आधी आपल्या सरगममध्ये लिहायचो, मग त्या पाच ओळींवर. एका जागी मात्र गाडं अडलं.

"हा सूर पुन्हा म्हणा."

त्यांनी म्हटला. कोमल गंधार नव्हे, शुद्धही नव्हे. दोहोंच्या मधोमध कुठंतरी, आणि तिथंही स्थिर नाही.

"हा पियानोत नाहीये," मी म्हणालो.

"नाहीच मुळी. म्हणून तर दोन पट्ट्या एकदम दाबते. तो मधल्या फटीत राहतो."

"मग लिहू कसा?"

"मला काय विचारतोस? शिकलेला तू." आणि त्या इतक्या हसल्या की झाडलोट करणारा म्हातारा काय झालं म्हणून पाहायला आला. टिब्जसमोर त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी मी तिथं आपल्या पद्धतीची एक खूण केली आणि गाणं पूर्ण केलं. पाच पानं झाली. आता नाव. आमच्याकडे पद रचणाऱ्याचं नाव शेवटच्या चरणात येतं. अण्णा कीर्तनात त्या नावापाशी आले की पेटी सोडून हात जोडायचे, हेच मी लहानपणापासून पाहिलेलं. वरती, गाणं सुरू व्हायच्या आधी आपलं नाव टाकणं म्हणजे जेवण वाढायच्या आधी दक्षिणा मागण्यासारखं. म्हणून मी पाचव्या पानावर, शेवटच्या ओळीखाली, माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं: रचना लविनिया मेझ यांची. बाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "इडेलाला वाचता येतं."

पानं मी टिब्जच्या हवाली केली. तो म्हणाला, मीच धाडतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सप्टेंबरात मी न्हाव्याकडे बसलो होतो. गालाला साबण लागलेला. रेडिओवर गाणं सुरू झालं आणि मी खुर्चीत ताठ झालो. तेच गाणं. पियानोच्या जागी गिटार, बाईंच्या जागी कुणी कोवळा गोरा पोरगा, आणि घराबाहेर काढायच्या नवऱ्याच्या जागी बायको. पण लय तीच, चाल तीच, आणि मध्यात सगळं थांबवून ती हाक. पोरानं ती जशीच्या तशी उचलली होती. निवेदकानं तीन मुलांची नावं सांगितली आणि म्हणाला की क्लेबर्नला असं काही कधी जन्मलं नव्हतं.

"हलू नका, कापेल," न्हावी म्हणाला.

मी अर्ध्या दाढीनंच उठलो. समोरच्या दुकानात ती तबकडी दर्शनी लावलेली होती. गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरांत छापलं होतं: हार्लन टिब्ज. मी ते तीनदा वाचलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

टिब्ज टेबलाशी बसून सफरचंद खात होता.

"गाणं लविनियाबाईंचं आहे," मी म्हणालो. मराठी 'बाई' तशीच तोंडातून गेली.

"कागदावर तसं नव्हतं." तो जराही दचकला नाही. "रचनाकाराचं नाव वरती लिहितात, टॉम. पहिल्या पानावर. तू वरची जागा कोरी सोडली होतीस."

"शेवटच्या पानावर नाव होतं."

"शेवटच्या पानावर दीड ओळ गाणं होतं. मी ते चौथ्या पानाच्या तळाशी बसवून घेतलं. पाचव्या पानाची गरजच उरली नाही." त्यानं सफरचंदाचा गाभा टोपलीत टाकला. "आणि कुणी विचारलंच तर लिहिणारा कोण निघेल? तू. कामाचा परवाना नसलेला. बोटीवर बसवून परत पाठवतील तुला. तुझ्या मालकानं इतका खर्च केलाय, तो काय म्हणेल?"

चोर तो, आणि घाम मला फुटला होता. मी झाडू उचलला आणि खोली झाडायला घेतली. खरंच सांगतो, झाडायला घेतली.

बाईंना मात्र मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं. पायरीवर बसून त्या शेंगा सोलत होत्या. ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत. मला वाटलं होतं रडतील, मला शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "हाक ठेवलीय का त्या पोरांनी?"

"ठेवलीय. अगदी तशीच."

"मग राहू दे. इडेला नाव नाही ऐकणार. हाक तर ऐकेल." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी इथं होते, हे मात्र तिला कळायला हवं रे."

नोव्हेंबरात ती आली.

शनिवार होता, दुपारची वेळ. मी टेपची रिळं लावत होतो. निळा कोट, हातात छोटी पेटी, डोक्याला टोपी. उत्तरेतली आहे हे कपड्यांवरून कळत होतं. दाराच्या आत दोन पावलं येऊन ती थांबली. नाक, हनुवटी, उभं राहायची ढब, सगळं लविनियाबाईंचं. माझ्या हातातलं रीळ खाली पडलं.

"माफ करा साहेब," ती टिब्जला म्हणाली, "ते रेडिओवरचं गाणं इथं झालं असं दुकानदारानं सांगितलं. ते कुणी रचलं?"

"मी."

"त्यातली ती हाकही?"

"गाण्यातलं सगळं मीच रचलं. का?"

"ती माझ्या आईची आहे, साहेब." आवाज नम्र होता, पण ती हलली नाही. "आईला जाऊन वीस वर्षं झाली. ती हाक जगात फक्त दोघींना येते. एक मी."

टिब्ज हसला. "शेतात काम करणारी कुठलीही बाई तसली ओरडते. तुम्ही उगाच लांबून आलात."

मग तिची नजर माझ्याकडे वळली. माझ्या पागोट्याकडे, माझ्या कातडीकडे. मी कुणाचा ते तिलाही ठरवता आलं नसावं.

"तुम्ही इथं काम करता?" तिनं मला विचारलं. "लविनिया नावाची कुणी बाई इथं येते का? पियानो वाजवते ती."

टिब्ज माझ्याकडे बघत होता. धमकी नाही, काही नाही. नुसता बघत होता. बाईंचं घर तिथून वीस मिनिटांवर होतं. माझ्या डोळ्यांसमोर बोट आली, जिनिंगचे मालक आले, स्टेशनवर न्यायला आलेले अण्णा आले.

"नाही," मी म्हणालो. "या नावाचं कुणी मला माहीत नाही."

इंग्रजीत ते वाक्य फार सोपं आहे. चटकन बोलून होतं.

"आभारी आहे," ती म्हणाली आणि गेली. टिब्जनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि दोन रिळं पुसायला दिली. ती मी पुसली. आपल्या तोंडून काय निघून गेलं ते तेव्हा कुठं उमगत होतं. सोळा वर्षं एक बाई ज्या एका गोष्टीसाठी थांबली होती, ती दारात येऊन उभी राहिली होती आणि मी तिला परत पाठवली होती. टिब्जनं गाणं चोरलं होतं. मी बहीण चोरली.

मी उठलो आणि धावत सुटलो. टिब्जनं मागून हाक मारली, मी थांबलो नाही. आधी स्टेशन. काळ्यांच्या बसायच्या खोलीत डोकावलो, दोन म्हातारे आणि एक झोपलेलं मूल. गाडी दहा मिनिटांपूर्वी गेली होती. मी तसाच बाईंच्या घराकडे निघालो. सगळं सांगायचं, पाय धरायचे, त्या म्हणतील ती शिक्षा घ्यायची असं ठरवलं होतं. परत पाठवलं तर पाठवू दे, एवढं धैर्य आता आलं होतं, उशिरानं का होईना.

दार उघडंच होतं. पायरी चढलो आणि जागच्या जागी थिजलो. आत टेबलाशी निळा कोट घातलेली इडेला बसली होती. तिचा एक हात लविनियाबाईंनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता, आणि दोघींचे चेहरे रडून सुजले होते.

"ये, ये रे पोरा," बाई मला पाहून उठल्या. "बघ कोण आलंय. स्टेशनवरच्या हमालाला विचारलं हिनं, त्यानं थेट चर्चमध्ये आणून सोडलं, मी तिथंच होते. इडेला, हाच तो. माझं गाणं कागदावर लिहिलं तो."

इडेला उठली नाही.

"याला मी भेटलेय," ती म्हणाली. "तासाभरापूर्वी, त्या दुकानात. तुझं नाव घेऊन विचारलं मी याला. म्हणाला, या नावाचं कुणी माहीत नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिथं टिब्ज होता का?" बाईंनी तिला विचारलं.

"तो गोरा? होता. समोरच होता."

"अगं, मग काय म्हणणार तो?" बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "उत्तरेत राहून विसरलीस होय? गोऱ्या माणसासमोर अनोळखी कुणी आपल्यातल्याचं नाव घेऊन विचारलं, तर आपण काय सांगतो? आई काय शिकवायची? माहीत नाही. कोण कशासाठी शोधतंय कुणी सांगावं? त्याला काय ठाऊक तू बहीण की आणखी कोण. मला जपलं त्यानं." त्या माझ्याजवळ आल्या आणि माझा गाल आपल्या ओल्या तळहातात धरला. "परका असून शिकलास रे पोरा. आमच्यातलाच झालास."

इडेलाच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला. मी ते पाहत उभा होतो. बोलायचं ते आत्ताच, हे मला कळत होतं. बाईंनी तोवर तिसरी खुर्ची ओढली होती आणि माझ्यासमोर रताळ्याचा गोड तुकडा ठेवला होता. मी बसलो. मी तो खाल्लासुद्धा.

"मला क्षमा करा," इडेला म्हणाली. "मी तुम्हाला भलतंच समजले."

आणि मी तिला क्षमा केली.